पेशीचा सांगाडा आणि कमरेवरील जखम

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी आजीबाई अजूनही नऊवारी लुगडे नेसतात. वर्षानुवर्षे एकाच जागी लुगड्याची गाठ किंवा परकराची नाडी करकचून बांधल्यामुळे कमरेवर काळसर वळ पडतो, कातडी सोलवटते आणि क्वचित तेथे न भरणारी जखम होते. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या जखमेसंबंधी शास्त्र काय सांगते, ते विद्यार्थी व पालक ह्यांस कळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इ. स. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी एका सहकाऱ्यासह, धोतर जेथे घट्ट बांधले जाते तेथे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. पुढे २०२४ साली वर्धा येथील व बिहारातील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पहिलीच्या कमरेवर, परकराची नाडी घासे त्या जागी, १८ महिने जखम होती. दुसरीने ४० वर्षे लुगडे नेसले होते. तिची जखम दोन वर्षे भरली नव्हती. दोघींच्याही जखमेत कर्करोग निघाला आणि दुसरीचा तर जांघेतील रसग्रंथीपर्यंत पोहोचला होता.

येथे जिज्ञासू विद्यार्थी सहज विचारील, की कमरेवरील रोग जांघेत गेला कसा? कातडीच्या पेशीला का पाय असतात? ह्याचे उत्तर पेशीच्या आतील सांगाड्यात आहे. हा सांगाडा प्रथिनांच्या सूक्ष्म तंतूंचा असतो. कातडीच्या पेशीतील चिवट तंतू केराटिनचे. आपली नखे व केस ह्याच जातीच्या प्रथिनाचे होत. मांडवाचे वासे जसे दोरांनी एकमेकांस जखडावे, तद्वत् हे तंतू शेजारशेजारच्या पेशींना जोडणाऱ्या गाठींत अडकलेले असतात. दुसरे प्रथिन ॲक्टिन. त्याचे तंतू एका टोकाने वाढत जाऊन पेशीची कड पुढे ढकलतात व त्यायोगे पेशी सरपटते. तिसरे विमेंटिन, ते मुख्यतः कातडीखालच्या, हिंडत्याफिरत्या पेशींत आढळते.

हे सरपटणे मूळचे वाईट नव्हे. खरचटले असता जखमेच्या कडेच्या पेशी गाठी सैल करून पुढे सरकतात, भोक बुजवितात आणि थांबतात. विमेंटिन नसलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरतात, असे २००० साली दिसून आले. कर्करोगाची पेशी मात्र थांबण्याची आज्ञा जुमानीत नाही. पुष्कळदा तिच्यातील केराटिन घटते, विमेंटिन दिसू लागते आणि शेजाऱ्यांची साथ सोडून ती खोल शिरते. २०१३ साली जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी उंदराच्या कातडीतील केराटिनरहित पेशी तपासल्या. त्या अधिक मऊ होत्या व अधिक सहज आत घुसत होत्या. अशी पेशी रसवाहिनीत शिरली, की प्रवाहाबरोबर जवळच्या ग्रंथीत जाऊन वसते. सारांश, जखम भरून काढणारी शक्तीच येथे रोग पसरविण्याच्या कामी लागते.

ह्यावरून बोध काय घ्यावयाचा? पेशी घर सोडण्यापूर्वी रोग सापडला, तर तेवढा भाग कापून काढल्याने रोगी बहुधा पूर्ण बरा होतो; विलंब झाल्यास उपाय कठीण होत जातो. कमरेवरील प्रत्येक काळा वळ म्हणजे कर्करोग नव्हे, हे खरे. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु महिनाभरात न भरलेली जखम मलमावर न भागविता डॉक्टरांस दाखवावी. तिचा लहानसा तुकडा काढून तपासला, म्हणजे निदान होते. नाडी सैल व रुंद असावी आणि बांधण्याची जागा बदलत राहावे.

वृद्ध स्त्रिया कमरेचे दुखणे संकोचाने सांगत नाहीत. तेव्हा विद्यार्थ्यांनो, ह्या सुटीत आपल्या आजीजवळ बसून तेवढे आस्थेने विचारा, आणि तिने काही सांगितल्यास ते त्याच दिवशी आईवडिलांच्या कानी घाला.