पंपाची वीज

एक्सबॉक्स ३६० पाण्याने गार करायचा म्हटलं की बहुतेकजण आधी तांब्याचे ब्लॉक आणि रेडिएटर शोधायला लागतात. मी आधी मल्टिमीटर काढतो. हा कन्सोल २००५ मध्ये आला आणि जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली, एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. जुन्या मशीनवर जीव असेल तर ते थंड ठेवावंसं वाटणारच. पण पंप थांबला की ब्लॉकमधलं घोटभर पाणी बघता बघता तापतं. म्हणून पंपाला वीज कुठून द्यायची, हे मला सगळ्यात आधी ठरवावंसं वाटतं.

मोह होतो तो काढून टाकलेल्या पंख्याच्या वायरीचा. जागा मोकळी, प्लग समोर. मात्र तिथला व्होल्टेज तापमानाप्रमाणे कमीजास्त होतो. मशीन गार असताना तो १२ व्होल्टच्या बराच खाली असतो, आणि लाइंगचा डीडीसी पंप सुरू व्हायलाच ९ व्होल्टच्या आसपास लागतात. ५ व्होल्टची स्टँडबाय लाइनही कामाची नाही: तिची ताकद १ अँपिअरची, शिवाय मशीन बंद असतानाही ती चालू.

वेगळा अडॅप्टर लावणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. दोन बटणं आली की कधीतरी एक दाबायचं राहणार, आणि ते पंपाचं असलं तर मशीन गेलं. रिले घालून यातून वाट निघते, पण ब्रिकमध्ये, म्हणजे कन्सोलच्या बाहेरच्या पॉवर सप्लायमध्ये, वीज शिल्लक असताना तो खटाटोप कशाला?

माझ्यासमोरचा बोर्ड जास्पर जातीचा. त्याच्या ब्रिकवर १५० वॉट आणि १२ व्होल्टला १२.१ अँपिअर छापलंय. १८ वॉटचा पंप दीड अँपिअर घेतो. १२० मिलिमीटरचे दोन पंखे धरले तरी एकूण दोनच्या आतच राहतं. खेळ रंगात असताना जास्पर शंभर वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे हिशेब बसतो. तरी मी १७५ वॉटची, फाल्कन जातीच्या बोर्डाची ब्रिक लावतो. ती याला बसते आणि तिच्यावर ताण कमी येतो. सुरुवातीच्या झेनॉन बोर्डला मात्र स्वतःलाच इतकं लागतं, की तिथे मी पंपासाठी रिले आणि वेगळा अडॅप्टरच सुचवेन.

ब्रिकचा प्लग बोर्डाला जिथे मिळतो, त्याच्या खालच्या बाजूने १२ व्होल्ट आणि ग्राउंडला १८ गेजच्या वायरी सोल्डर करायच्या, लगेच पुढे ३ अँपिअरचा फ्यूज. मशीन चालू झाल्यावरच या पिनांवर १२ व्होल्ट येतात. त्यामुळे पंप मशीनबरोबर सुरू होतो, मशीनबरोबर बंद.

गळती तपासताना मात्र नेमकं उलट हवं: पाणी फिरायला हवं आणि बोर्डात वीज नको. त्यासाठी जुना कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घ्यायचा, मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडायची आणि पंप तेवढा त्यावर चालवायचा. आधी टाकी भरायची, कारण पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर. हवेचे बुडबुडे निघेपर्यंत पंप खरखरतो. ती खरखर थांबेपर्यंत मी टेबलापासून हलत नाही.

रात्रभर टिश्यू कोरडा राहिला की पंपाचा प्लग बोर्डावरून काढलेल्या वायरींना जोडतो, जड खेळ लावतो आणि पंपाच्या टोकांवर मीटर धरतो. आकडा ११.४ च्या खाली उतरला, तर वायर बारीक आहे, सोल्डर कच्चा आहे, किंवा ब्रिक थकली आहे. मी तपासणी याच क्रमाने करतो.