थोरलीच्या वाट्याला

मे महिन्यात गोंडपिपरीकडच्या गावांतली माणसं उजाडायच्या आत तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात. घरी आणलेल्या पानांचे सत्तर-सत्तरचे पुडके बांधायला सारं घर बसतं. माय पानं लावते, थोरली मोजते, धाकटा दोर काढून देतो. ज्या घरची माय किंवा बाप जंगलातून परतत नाही, त्या घरात पुढच्या मे महिन्यात हेच काम पुन्हा निघतं. जंगलही तेच असतं.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गोंडपिपरीला लागून असलेल्या राजुऱ्यात आठ जणांचा बळी घेणारा आरटी-१ वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला. वाघाचा क्रमांक आपल्या लक्षात राहतो. त्या आठ घरांत मागे किती भावंडं उरली, हे आपण विचारलंही नाही.

पाच-सहा वर्षांच्या लेकराला मरण म्हणजे कायमचं जाणं, हे नीट उमगत नाही. ते सकाळी रडतं, दुपारी गोट्या खेळतं आणि रात्री विचारतं, माय कधी येईल? शेजारी म्हणतात, पोरगं विसरलं. ते विसरलेलं नसतं; लहान मुलांचं दुःख असंच थांबत थांबत येतं. थोरलीला मात्र सगळं कळतं, म्हणून ती धाकट्यांसमोर रडत नाही. ‘आता तूच यांची माय,’ असं मयताला आलेले नातेवाईक तिला मायेनंच सांगतात. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला याहून जड काही सांगता येईल, असं मला वाटत नाही. तिचीही माय गेलेली असते.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देतं. त्यातले १० लाख लगेच मिळतात, उरलेले मुदत ठेवीत राहतात. रक्कम एकदम उडू नये म्हणून ही सोय, आणि ती योग्यच आहे. पण पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांचे दाखले यांतून वाट काढायची असते, तीही घरातलं कर्तं माणूस नसताना.

पैसे आले तरी राबणारे हात परत येत नाहीत. धानाची रोवणी वेळेवरच करावी लागते. हिवाळा सरता सरता या भागातले मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. एकटा उरलेला बाप त्या गाडीत बसला की घर थोरलीवर येतं. तिचं नाव शाळेच्या पटावर राहतं, दप्तर खुंटीवर. थोरला असेल तर तो बापासोबत गाडीतच चढतो.

बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. आई किंवा बाप यांपैकी एकच गेलं असलं, तरीही. हे पुष्कळ घरांना सांगावं लागतं, कारण ही योजना फक्त अनाथांसाठी आहे असा समज आहे. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. मदत अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत चालते.

म्हणजे सगळ्यांत आधी थोरलीचंच नाव यादीतून उतरतं. धाकट्याचं बोनाफाईड आणि पासबुक पिशवीत घालून गोंडपिपरीची बस धरायला मात्र तीच जाते.