पाहुण्यांची जीभ घसरते तेव्हा

मुलांनो, रात्रीच्या दिव्यांखाली रंगलेला कबड्डीचा सामना पाहिलाय का कधी? टीव्हीवरचा नाही हं. गावातला!

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, सोयाबीन घरात आलं, कापसाची एक-दोन वेचणी झाली की गावोगाव स्पर्धांचे फलक लागतात. शाळेमागचं मैदान पाणी मारून, धुमसून टणक केलं जातं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडतात. चार खांबांवर दिवे चढतात. एका बाजूला स्टेज, त्यावर सतरंजी, खुर्च्या, शाल-श्रीफळ. आणि स्टेजच्या कोपऱ्यात लाउडस्पीकरवाले काका आपली पेटी घेऊन बसतात. बायकामाणसं घरून पोती, गोधड्या घेऊन येतात आणि जागा धरतात.

काही वर्षांपूर्वी मेहकर तालुक्यातल्या एका गावी मी असाच सामना पाहायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात गावाचा दोष थोडाच आणि बदनामी मात्र त्याचीच व्हायची. त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून टीव्हीवर विनोदी कामं करणाऱ्या एका नटाला पाहुणा म्हणून आणलं होतं. काय गर्दी लोटली म्हणता! झाडांवर पोरं, भिंतीवर पोरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरं.

पाहुण्यांनी नारळ फोडला, नाणेफेक केली. इथवर सारं छान. मग कुणीतरी त्यांना गळ घातली, 'सर, थोडी कॉमेंट्री करा ना.' त्यांनी माइक हातात घेतला. यजमान संघाचा एक पोरगा, असेल सोळा-सतरा वर्षांचा, चढाईला गेला आणि मधल्या रेषेजवळच पाय घसरून पडला. आणि माइकवरून पाहुण्यांनी त्याला एक शिवी हासडली. इतकी घाण, की इथे छापता येणार नाही.

शिवी दिली पोराला. पण आपल्याकडच्या बहुतेक शिव्यांसारखी ती जाऊन लागली त्याच्या आईला. आणि त्याची आई तिसऱ्या रांगेत पोत्यावर बसली होती.

मैदान हसलं. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. मोठा माणूस माइकवर असं काही बोलला की आधी हसू येतं आणि मग कळतं की आपण कशाला हसलो. हशा मिळाला म्हणून पाहुण्यांनी तीच शिवी पुन्हा दिली, या वेळी आणखी रंगवून. आता हसणारे निम्मे झाले. त्या बाईने पदर तोंडाशी धरला आणि मान खाली घातली.

तेवढ्यात माइक बंद पडला. 'हॅलो, हॅलो... चेक...' पाहुणे माइकवर टिचक्या मारताहेत आणि आवाज काही येईना. लाउडस्पीकरवाले काका पेटीत डोकं घालून वायरी चाचपत होते. फार गंभीर चेहऱ्याने! मी जवळच होतो. त्यांनी आवाजाचं बटण पार खाली करून ठेवलं होतं.

हे काही आपल्याच मातीत घडतं असं समजू नका. अमेरिकेत बेसबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. (आपल्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळतात ना, त्याचा हा थोरला भाऊ. नऊ-नऊ खेळाडू, गोल दांड्याची बॅट, आणि चेंडू मारला की चार थांबे फिरून घरी परत.) तिथेही पाहुणे बोलावतात. कुणी पहिला चेंडू टाकतं, कुणी राष्ट्रगीत गातं. २५ जुलै १९९० ला सॅन डिएगो शहरात असाच मान मिळाला होता रोझॅन बार या विनोदी नटीला. तिची टीव्ही मालिका तेव्हा घरोघरी पाहिली जायची आणि त्या मालिकेचा निर्माताच सॅन डिएगोच्या संघाचा नवा मालक होता. मग काय, घरचंच बोलावणं!

बाईंनी राष्ट्रगीत बेसूर, किंचाळत म्हटलं. हजारो प्रेक्षक गाणं संपायच्या आतच 'हूऽऽ' करू लागले. शेवटी त्या मैदानावर थुंकल्या आणि एक असभ्य हावभाव केला. बेसबॉलचे खेळाडू उभ्या उभ्या करतात त्याची ती नक्कल होती म्हणे. पण हसलं कोण? जवळजवळ कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तोच विषय, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही हा प्रकार लाजिरवाणा असल्याचं म्हटलं. ज्या बाई बोलल्या की लाखो लोक हसत, त्यांच्या अंगावर सारं मैदान ओरडलं. प्रेक्षक म्हणजे निमूट बसणारी मेंढरं नव्हेत, हे त्या दिवशी दिसलं.

आता याच्या अगदी उलट गोष्ट ऐका. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीच्या शेवटाशी दोन बॉम्ब फुटले. तीन जण गेले, अडीचशेहून जास्त जखमी झाले. त्यांत एक आठ वर्षांचा मुलगाही होता, शर्यत बघायला आलेला. पाच दिवसांनी, २० एप्रिलला, शहराचा बेसबॉल संघ फेनवे पार्क या आपल्या मैदानावर पुन्हा उतरला. खेळाआधी डेव्हिड ऑर्टिझ या लाडक्या खेळाडूने माइक घेतला. हे आपलं शहर आहे, आपलं स्वातंत्र्य कुणी हिरावून घेऊ शकत नाही, खंबीर राहा, अशा अर्थाचं तो बोलला आणि बोलता बोलता 'आपलं शहर' या शब्दांच्या मध्ये त्याने एक चक्क अर्वाच्य शब्द घातला. थेट प्रक्षेपण चालू! अमेरिकेत टीव्हीवर असा शब्द गेला तर सरकारी आयोग दंड करू शकतो. पण मैदान अक्षरशः गर्जलं. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते. त्या आयोगाच्या अध्यक्षांनीच जाहीर केलं की तो मनापासून बोलला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तिकडे एकदा शिवी वाईट आणि एकदा चांगली? असं कसं?

तसं नाही. शब्द दोन्हीकडे घाणच होता. पण ऑर्टिझचा शब्द मैदानातल्या कुणालाच उद्देशून नव्हता. त्या पंधरवड्यात सगळं शहर ज्या संतापात होतं, तो त्याच्या तोंडून बाहेर पडला. बाईंनी केलं ते समोरच्या लोकांच्या भावनेची थट्टा होती. आणि आमच्या मेहकरकडच्या पाहुण्यांनी? त्यांनी तर पडलेल्या पोराला आणखी एक लाथ मारली. प्रेक्षकांना हा फरक न शिकवता कळतो. कळायला कधीकधी दोन शिव्या लागतात, इतकंच.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. तुमच्या आई-बाबांना हा किस्सा नक्की आठवत असेल, त्यांना विचारा. १६ मे २०१२, मुंबईचं वानखेडे स्टेडियम. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स आणि कोलकाता नाइट रायडर्स यांचा सामना. कोलकात्याने १४० धावा केल्या, मुंबईचा डाव १०८ धावांत आटोपला. कोलकात्याच्या संघाचा एक मालक कोण, ठाऊक आहे ना? शाहरुख खान! सामना संपल्यावर तो मुलांना न्यायला मैदानाशी आला. तिथे सुरक्षारक्षकांशी आणि मग मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांशी त्याची जुंपली. असोसिएशनचं म्हणणं, त्याने दारूच्या नशेत शिवीगाळ केली. त्याचं म्हणणं, मी दारू प्यायलो नव्हतो. रक्षकांनी लहान मुलांना धक्काबुक्की केली, म्हणून मी भडकलो. मात्र तोंडून शिव्या गेल्या, हे त्याने नाकारलं नाही.

दोन दिवसांनी असोसिएशनने त्याला वानखेडेवर पाच वर्षांची बंदी घातली. तेव्हा विलासराव देशमुख असोसिएशनचे अध्यक्ष होते. झालं! देशात दोन तट पडले. एक म्हणे, 'पोरांना कुणी हात लावला तर कोण बाप गप्प बसेल?' दुसरा म्हणे, 'मोठा नट म्हणून काय त्याला वेगळा कायदा?' एसटीच्या रांगेत, सलूनमध्ये, पानठेल्यावर हीच चर्चा.

मला मात्र यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तोच लोक विसरतात. २७ मे ला चेन्नईत अंतिम सामना झाला. चेन्नईच्या १९० धावांचा पाठलाग करून कोलकात्याने पहिल्यांदा आयपीएल जिंकलं. शाहरुख आनंदाने नाचत होता. त्या दिवशी त्याला कुणी जाब विचारणार नव्हतं, जिंकणाऱ्याला कोण विचारतं? आणि नेमक्या त्याच दिवशी त्याने वानखेडेवरच्या वागण्याबद्दल माफी मागितली. कुणाची? असोसिएशनची नव्हे. लहान मुलांची! आपण त्यांच्यासमोर असं वागायला नको होतं, असं तो म्हणाला. म्हणजे भांडण ज्यांच्याशी झालं ते राहिले बाजूलाच. पाहणारे कोण होते, हे त्याला आठवलं. पुढे २०१५ साली, मुदत संपण्याआधीच, असोसिएशनने बंदी उठवली.

बरं, चूक नेहमी पाहुण्याचीच असते असंही नाही हं. याच वानखेडेवर १७ ऑक्टोबर २००७ ला ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स खेळायला उतरला, तेव्हा प्रेक्षकांतल्या काही जणांनी त्याच्या वर्णावरून माकडाचे आवाज काढले, चाळे केले. पोलिसांना त्यांना उचलून बाहेर न्यावं लागलं. त्या दिवशी पाहुणा होता सायमंड्स, आणि जीभ घसरली होती आपली.

खेळाडूंना तर यासाठी नियमच आहेत. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळाडूच्या तोंडून शिवी ऐकू आली, तर सामन्याच्या मानधनाच्या निम्म्यापर्यंत दंड होतो. स्टंपजवळच्या माइकला सगळं ऐकू जातं, हेही तो विसरतो! कबड्डीत पंचांच्या खिशात तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. पण स्टेजवरच्या खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला कुठलं कार्ड दाखवायचं? त्यासाठी कुठल्याच पुस्तकात नियम नाही. तिथे पंच कोण, तर आपण, पोत्यांवर बसलेले.

इथे पालकांशी दोन शब्द. तुम्ही म्हणाल, 'अहो, गावाकडे शिवी कुणाच्या तोंडात नाही? बैल अडला तरी शिवी, मोटार बंद पडली तरी शिवी, मित्र वर्षाने भेटला तरी शिवीच!' खरं आहे. आमच्या वऱ्हाडी बोलीत तर लाडाने दिलेल्या शिवीची वेगळीच चव असते, मी ती नाकारत नाही. पण बांधावर बैलाला दिलेली शिवी बांधावरच राहते. लाउडस्पीकरची शिवी मैदान ओलांडून, ज्या घरात आजी पडल्या पडल्या कॉमेंट्री ऐकत असते, तिथपर्यंत जाते. आणि शेजारी बसलेलं पाच वर्षांचं पोरगं विचारतं, 'बाबा, ते काय म्हणाले?' त्या वेळी आपण हसत असलो, तर उत्तर त्याला मिळालेलंच असतं.

आता मेहकरकडच्या त्या मैदानावर परत येऊ या, गोष्ट अर्धी राहिलीय.

माइक बंद झाला, पण खेळ थांबला नव्हता. आधी एक बाई उठली, मग दुसरी. पोती झटकून, पोरांचे हात धरून वीस-पंचवीस जणी निघाल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. बायकांची अर्धी बाजू रिकामी झाली. स्टेजवरच्या मंडळींच्या ते ध्यानात आलं, पण पाहुण्यांना बोलणार कोण? 'पैसे देऊन आणलाय, आता काय म्हणता त्याला?' असं एक जण पुटपुटला. पाहुण्यांनाच मग कुठे तरी दुसरा कार्यक्रम आठवला आणि ते बक्षिसं वाटायच्या आधीच गाडीत बसले. गाडी गेली आणि माइक आपोआप सुरू झाला!

आणि तो पोरगा? तो पुन्हा चढाईला गेला. कान लाल झालेले. बोनसची रेषा ओलांडली, एकाला हात लावला आणि दोन गुण घेऊन परत आला. टाळ्या पडल्या, पण त्याने वर पाहिलं नाही. आईची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मंडळाची दोन पोरं त्यांच्या घरी गेली. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवत गेली होती, पण ओसरीवर बसल्यावर एकालाही शब्द सुचेना. तिने चहा केला. कापसाला भाव काय निघाला ते विचारलं. निघताना त्यातला एक कसाबसा म्हणाला, 'काकू, रातच्याले चुकलं आमचं.' ती म्हणाली, 'तुमचं काय चुकलं बापा? तुम्ही थोडीच बोलले.' आणि मग थोडं थांबून, 'पण हासले मात्र सारे.'

त्यातल्याच एकाने हे मला पुढे सांगितलं. त्या हसणाऱ्यांत मीही होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय.

तुमच्या गावच्या मैदानावर, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणपतीच्या मंडपात असं कधी घडलंय का? तेव्हा लोकांनी काय केलं, आणि तुम्ही काय केलं? हसला असाल तरी लाजू नका, खरं ते लिहा. कुणाचं नाव मात्र घालू नका. पत्रं 'मैदानाच्या कडेवरून' असं लिहून आमच्या पत्त्यावर पाठवा.