मूक वेदनेची परीक्षा

पक्षाघात वा शिरोभिघातानंतर संज्ञा हरपलेला रुग्ण रुग्णालयातून घरी आणला जातो, तेव्हा जिंतूर-गंगाखेडकडील खेड्यांतून आम्हांस बोलावणे येते. "आता त्यांना काहीच कळत नाही," असे नातलग सांगतात. अशाच एका रुग्णाच्या कपाळावर आठी होती, श्वास व नाडी जलद होती. ओटीपोटावर हात ठेवताच बस्ती तुडुंब भरल्याचे जाणवले. मूत्रनलिका तुंबली होती. ती बदलविताच आठी मावळली.

त्रिविध परीक्षेतील प्रश्न येथे लोपतो; दर्शन व स्पर्शन मात्र उरते. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात न बोलणाऱ्या बालकाची वेदना चेष्टांवरून ओळखण्यास सांगितले आहे. शिरःशूल असता ते डोके हलविते व डोळे मिटते. कर्णशूल असता कानांस हात लावते. आजच्या अतिदक्षता विभागातील 'सीपीओटी' ही मापनपद्धतीही मुखमुद्रा, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि आवाज (कृत्रिम श्वासयंत्रावर असल्यास त्याच्याशी जुळणे) यांना प्रत्येकी ० ते २ गुण देते. तथापि चेहरा निश्चल आहे, म्हणून वेदना नाही, असा निष्कर्ष काढू नये.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तेथेच होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या अहवालात, त्या आवड-नावड आवाजाने व हातांच्या हालचालीने दर्शवितात, अशी नोंद आहे. रोज सेवा करणाऱ्या परिचारिकांना ती भाषा अवगत झाली होती. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाला नव्हता, हे त्या सेवेचेच फळ होय.

चिकित्सेपूर्वी कारण शोधावे: मूत्रावरोध, मलावष्टंभ, शय्याव्रण, मुखपाक, आखडलेला खांदा, कोरडे पडलेले नेत्र. दर दोन तासांनी कूस बदलवावी. अभ्यंगाचे तेल कोमट व स्वेद मृदू असावा, कारण चटका बसला तरी रुग्ण सांगणार नाही. मुखावाटे काढा वा आसव घालू नये; ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. औषधविक्रेते बंधूंनीही केवळ नातलगांच्या सांगण्यावरून निद्राकर औषध देऊ नये. त्याने खालावणारी संज्ञा झाकली जाते. ज्वर, वमन, झटके वा बाहुल्यांतील विषमता दिसताच रुग्णालयात पाठवावे.

नातलगांस आम्ही एवढेच सांगतो: स्पर्शापूर्वी रुग्णास हाक मारावी, आणि नवी आठी दिसली की वैद्यास कळवावे. रुग्णाची फिर्याद आता तीच आहे.