बाळगोपाळांची रंगओळख

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनस, महागाई आणि किमान वेतन सोडून लहान मुलांच्या रंगांच्या खेळावर बोलावे, याचे काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. परंतु अंगणवाडी सेविका भगिनींच्या प्रश्नांत लक्ष घातल्यावर हा विषय आपण होऊन आमच्यापुढे आला. सेविका दिवसभर करते काय, असे विचारले की लोक खिचडी, वजनकाटा आणि नोंदवह्या एवढेच मोजतात. लेकरांना खेळविणे कोणी काम म्हणून धरीतच नाही. तेव्हा ते काम आहे की नुसता वेळ घालविणे आहे, हे आधी समजून घेणे आम्हांस भाग पडले. समजून घेण्यासाठी रंगाचेच उदाहरण घेतले, कारण वरवर पाहता त्याहून सोपे काही नाही.

खरे म्हणजे रंग दिसणे आणि रंगाचे नाव येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. चार-पाच महिन्यांच्या तान्ह्यालासुद्धा तांबडे आणि हिरवे वेगळे दिसते. मग तीन वर्षांचे पोर, जे 'वाटी', 'बकरी', 'चप्पल' अचूक सांगते, ते लाल फुग्याला हिरवा का म्हणते? याचे कारण असे की वाटी हातात धरता येते, रंग धरता येत नाही. वस्तूपासून रंग सुटा काढून कोणी दाखवू शकत नाही. आपण जास्वंदीकडे बोट दाखवून 'लाल' म्हणतो, तेव्हा 'लाल' म्हणजे फूल, की पाकळी, की तिचा मऊपणा, हे लेकराने आपल्या बुद्धीने ठरवावयाचे असते.

चार्ल्स डार्विनसारखा निरीक्षणात मुरलेला माणूस येथे फसला होता. आपली मुले रोजच्या वस्तूंची नावे जाणतात आणि रंगांची मात्र चुकवतात, हे पाहून ती रंगांध तर नाहीत ना, अशी शंका त्याला आली. पुढे ती निराधार ठरली. हे त्याने १८७७ साली लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने मुलांच्या बुद्धीच्या कसोट्या रचल्या, त्यांत चार रंगांची नावे सांगणे हा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ठेवला होता. आज पुष्कळ मुले चौथ्या-पाचव्या वर्षीच ही नावे सांगतात. मुलांचे डोळे शंभर वर्षांत बदललेले नाहीत. बदलली आहे ती भोवतालच्या रंगीत वस्तूंची रेलचेल आणि मोठ्या माणसांचे मुलांशी बोलणे. ज्या घरी रंगपेटी नाही, चित्रांचे पुस्तक नाही, आणि आई सूर्य उगवायच्या आत निंदणीला जाते, त्या घरचे लेकरू रंगांची नावे सांगताना अडखळले, तर त्याला 'मठ्ठ' हा शिक्का मारणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पहिलीच्या उंबरठ्यावर बसलेला असा शिक्का सहजासहजी पुसला जात नाही.

आता शिकविण्याची सर्वांत रूढ रीत पाहा. भिंतीवर तक्ता, हातात छडी, आणि सामुदायिक गजर: लाल, पिवळा, निळा, हिरवा. पोरे सुरात म्हणतात, पालक खूष होतात. पण हाच क्रम मोडून मधलाच रंग विचारला की शांतता. ती नावे रंगांना चिकटलेली नसतात, एकमेकांना चिकटलेली असतात.

बोलण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वस्तूचे नाव आधी आणि रंग मागाहून सांगितला, म्हणजे 'लाल फुगा' न म्हणता 'फुगा लाल आहे' असे म्हटले, तर मुलांना रंगाचा शब्द अधिक चांगला उमगतो. आधी लक्ष वस्तूवर ठरते, मग तिच्या गुणावर जाते. आपल्या मराठीत आणखी एक गंमत आहे. लाल हा शब्द बदलत नाही, पण हिरवा रावा, हिरवी मिरची, हिरवे पान. एकाच रंगाची तीन रूपे. मोठ्यांस हे जाणवतही नाही. लेकराला मात्र ही तिन्ही एकाच रंगाची नावे आहेत हे कळावे लागते, आणि ते व्याकरण सांगून कळत नाही, पुष्कळ वस्तूंबरोबर ऐकूनच कळते. आमच्या वऱ्हाडात तर पोरगे 'पिवळा' न म्हणता 'पिवया' म्हणेल, 'काळा'चा 'काया' करील. त्याला रंग आलेला आहे. त्याची बोली सुधारण्याच्या नादात त्याचे बरोबर उत्तर चूक ठरवू नये.

उलट याच भाषेने शिक्षणाचे सामानही भरपूर दिले आहे. जांभूळ आहे म्हणून जांभळा, पोपटावरून पोपटी, राखेवरून राखाडी. तशीच डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, अबोली. ही नावे नव्हेतच, हे त्या त्या वस्तूंचे पत्ते आहेत. हिरवागार, पिवळाधमक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट हे शब्द उच्चारताना मुलांना जो आनंद होतो तो तक्त्यात नाही.

खेळातून ही ओळख करून देण्याची पद्धत कोणी बसविली, हे पाहिले तर ती कामगारवस्तीत जन्मली असे आढळते. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर चाळीत मोकाट राहणाऱ्या मुलांसाठी ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यात रंगीत रेशीम गुंडाळलेल्या पट्ट्या होत्या: आठ रंग, प्रत्येकाच्या आठ छटा, एकूण ६४. सुरुवात मात्र दोन-तीन ठळक रंगांच्या जोड्या जुळविण्यापासून. नाव सांगण्याची रीत त्यांनी सेगँ या फ्रेंच वैद्याकडून घेतली. तिच्या तीन पायऱ्या. प्रथम 'हा लाल, हा निळा' असे नुसते सांगावयाचे. मग 'लाल मला दे' म्हणावयाचे. आणि हे जमल्यावरच, पुष्कळ दिवसांनी का होईना, 'हा कोणता?' असे विचारावयाचे. आपण मोठी माणसे बहुधा तिसऱ्या पायरीवरच उडी मारतो आणि लेकरू गप्प राहिले की त्याला दोष देतो.

रेशमाच्या पट्ट्या आपल्या खेड्यांस परवडणाऱ्या नव्हत्या. भावनगरला १९२० साली बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा पेच महाराष्ट्रात सोडविला. १९४५ साली बोर्डीला, आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी शाळा चालविल्या. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा पाड्याच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात नेली. विलायती साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने, फुले, बिया आल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर गेला.

मेडशीसारख्या गावी या साहित्याला काय तोटा? शिंप्याकडची कातरणे घ्या: फुकट मिळतात, हातात मऊ लागतात, आणि एकाच रंगाच्या पाच छटा त्यांत सापडतात. बाटल्यांची मोठी टोपणे, चिंचोके, पळसाची फुले, कापसाचे बोंड. डाळी वेगळ्या करण्याचा खेळ छान आहे, पण बारीक दाणे नाकाकानात जातात. तो नजरेखालीच खेळवावा. पळापळीचा खेळ तर सर्वांत सोपा: एकाने रंग पुकारावा, बाकीच्यांनी धावत जाऊन त्या रंगाच्या कशाला तरी हात लावावा. कोणाच्या सदऱ्याला, कोणाच्या रिबिनीला, कोणी थेट सेविकेच्या पदराला. ज्याला नाव येत नाही तो इतरांच्या मागे धावतो आणि चार दिवसांत शिकतो. त्याला कोणी उभे करून विचारीत नाही.

हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या पांढऱ्या कागदावर साबणाच्या पाण्याने बोट फिरविले की पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. हळदीतील रंगद्रव्य क्षाराने तांबडे होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते यामुळेच. गोकर्णीच्या निळ्या फुलांच्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. चुना मात्र पोरांच्या हाती देऊ नये. स्वस्त रंगविलेली खेळणीही तोंडात जाऊ देऊ नयेत. घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भाग एवढी मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला, पण बाजारातल्या प्रत्येक खेळण्यामागे तपासनीस उभा नसतो. रंगाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना शिसे काय करते, हे आमच्या लोकांना ठाऊक आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे. हा खेळ खेळविण्यास सामान लागत नाही. लागतो तो वेळ, आणि कोणते लेकरू कोणत्या पायरीवर आहे हे ओळखणारी नजर. पण ताजा आहार, वजने, गृहभेटी, सर्वेक्षणे आणि मोबाइलवरील नोंदी, यांत दिवसाचा जो तुकडा सर्वप्रथम कापला जातो तो खेळाचा. २०२३ साली 'जादुई पिटारा' नावाचे खेळसाहित्य केंद्राने आणले. पेटी चांगलीच, पण ती उघडून बसावयास सेविकेला मोकळा तास हवा. कागदोपत्री ती 'मानसेवी', तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला, त्यामागे एक कारण हे होते की तीन ते सहा वर्षांच्या मुलांस तेथे जे पूर्वप्राथमिक शिक्षण दिले जाते ते शैक्षणिक कार्यच आहे. श्रोतेहो, कातरणांच्या जोड्या लावण्याचा आणि रंगामागे धावण्याचा खेळ हाच त्या शिक्षणाचा ऐवज. ज्याला कोणी काम म्हणत नव्हते, त्यानेच कायद्याचे दार उघडण्यास हातभार लावला.

एक गोष्ट राहिली. पुष्कळ खेळूनही एखाद्या मुलाला तांबडे आणि हिरवे यांत घोटाळा होतच राहतो. हे रंगांधत्व असू शकते. ते बहुधा आईकडून मुलग्यांत उतरते, म्हणून मुलींत विरळा. मुलग्यांत मात्र शंभरांत दोन-चार तरी असे निघतात. यात बुद्धीचा दोष नाही, आणि मारून-मुटकून ते सुधारत नाही. आगगाडीच्या चालकासारख्या काही नोकऱ्यांत त्याची अडचण होते, तेव्हा पाच-सहा वर्षांचा झाल्यावर नेत्रतज्ज्ञांस दाखवून आईबापांस वेळीच सांगावे. तोवर अंगणवाडीत त्याच्यापुढे लाल आणि हिरव्या मिरच्या निवडावयास ठेवू नयेत. पांढरी आणि काळी, निळी आणि पिवळी कातरणे ठेवावीत. ती तो इतरांच्या बरोबरीने लावील.