ग्राफिक्स कार्डचा कनेक्टर वितळतो कसा?

२०२२ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० आलं आणि काही आठवड्यांतच पॉवर कनेक्टर वितळल्याचे फोटो फिरायला लागले. एवढं महागडं कार्ड, आणि घोटाळा प्लगमध्ये!

गणित सोपं आहे. हा १६ पिनचा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत पॉवर देतो. व्होल्टेज १२, म्हणजे करंट ५० अँपिअर. तो सहा पिनांत वाटला की प्रत्येकीवर साधारण ८.३ अँपिअर. पिनची मर्यादा ९.५ च्या आसपास. जुन्या ८ पिनच्या कनेक्टरमध्ये हाच आकडा जेमतेम ४ होता.

प्लग अर्धवट बसला की काही पिनांचा संपर्क कच्चा राहतो. तिथे रेझिस्टन्स वाढून उष्णता तयार होते, आणि उरलेल्या पिनांवर जास्त करंट जातो. ४०९० मध्ये सहाही तारा कार्डवर एकत्र जोडलेल्या आहेत, त्यामुळे कुठली तार जास्त ओढतेय हे कार्डला कळतच नाही.

२०२३ मध्ये सुधारित कनेक्टर आला. त्यात सेन्स पिन आखूड केल्या, म्हणजे प्लग नीट बसला नसेल तर कार्ड पूर्ण पॉवर घेणार नाही. तरी २०२५ च्या ५०९० मध्येही वितळण्याच्या तक्रारी आल्याच.

म्हणून प्लग पूर्ण आत दाबा, फट दिसता कामा नये. केबल कनेक्टरला लागूनच वाकवू नका. जळका वास आला, तर गेम सोडा, आधी पीसी बंद करा.