शेतीशाळेचा हंगाम : चाकण पट्ट्यातील सेंद्रिय कांदा (लेखांक चौथा)

पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेला पसरलेल्या खेड तालुक्यात सेंद्रिय शेतीच्या प्रशिक्षणाचा विचार कांद्यापासून सुरू करणे सयुक्तिक ठरते, कारण चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी पूर्वापार ओळखला जातो आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय याच तालुक्यात, राजगुरुनगर येथे आहे. हे केंद्र १९९४ मध्ये नाशिकला सुरू झाले आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला आले. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना चालू झाला, आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांच्या प्रकल्पांनी या परिसरातील जमिनीचे आणि मनुष्यबळाचे गणितच बदलून टाकले. येथील प्रशिक्षणाची आखणी हे दोन्ही शेजार लक्षात घेऊन व्हायला हवी; प्रत्यक्षात मात्र बहुतेक प्रशिक्षण एका दिवसाच्या मेळाव्यात, मंडपातल्या भाषणांत आणि हातात पडलेल्या घडीपत्रिकेत आटोपते.

एका दिवसाचे प्रशिक्षण अपुरे का पडते, हे फुलकिड्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. फुलकिडे हे कांद्याच्या पातीच्या बेचक्यात राहून रस शोषणारे अतिसूक्ष्म कीटक होत. त्यांनी खरवडलेल्या पातीवर पांढुरके चट्टे पडतात आणि कांदा पोसत नाही. त्यांना अटकाव करण्यासाठी संचालनालयाची एक शिफारस अशी आहे की, कांद्याच्या शेताभोवती मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गहू अशी एकेक ओळ, लागवडीच्या किमान ३० दिवस आधी पेरावी, म्हणजे उडत येणारे प्रौढ किडे त्या हिरव्या कुंपणाला अडतात. रब्बी कांद्याची पुनर्लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, म्हणजे मका नोव्हेंबरातच उगवलेला असावा लागतो, आणि ही माहिती जानेवारीच्या मेळाव्यात मिळालेल्या शेतकऱ्याला त्या वर्षी तिचा काहीही उपयोग नसतो. हिरवळीच्या खताचे, म्हणजे ताग किंवा धैंचा यांसारखे पीक वाढवून ते फुलावर येण्याच्या सुमारास जमिनीत गाडण्याचे वेळापत्रक तर त्याहूनही आधी, जूनच्या पेरणीपासून सुरू होते.

यावर जगभर मान्य झालेला उपाय म्हणजे शेतीशाळा, अर्थात पेरणीपूर्व मशागतीपासून काढणीपर्यंत ठरावीक दिवशी शेताच्या बांधावरच भरणारा शेतकऱ्यांचा वर्ग. इंडोनेशियात भाताच्या पिकावर तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक होत असताना असे दिसून आले की, सततच्या फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटकच मरत होते. तेथील सरकारने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा सुरू केल्या. फवारणी केलेला आणि न केलेला असे दोन तुकडे शेजारी-शेजारी राखून दोहोंतील कीड, मित्रकीटक आणि पिकाची वाढ शेतकऱ्यांनी स्वतः मोजावी, नोंदवावी आणि निर्णय घ्यावा, हा या पद्धतीचा गाभा आहे. महाराष्ट्राच्या कृषी विभागानेही ही पद्धत स्वीकारली आहे. गावोगावी ती कितपत मनापासून राबवली जाते, यावरच सारे अवलंबून राहते.

शेतीशाळेत शिकवण्याचा सर्वांत निकडीचा विषय म्हणजे अन्नद्रव्यांचा हिशेब, आणि तोच बहुधा वगळला जातो. एकरी १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती २०० लिटर पाण्यात आंबवून केलेले जीवामृत जमिनीतील सूक्ष्मजीवांना चालना देण्यासाठी दिले जाते, परंतु त्यातील एकूण नत्र ढोबळमानाने पाव किलोही भरत नाही. कांद्याची शिफारस मात्र हेक्टरी सुमारे १०० किलो नत्राची आहे, आणि शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने केवळ शेणखतातून ती गरज भागवायची तर २० टन खत लागेल. ज्या गावांतील गोठे कारखान्यांच्या पगारासोबत रिकामे होत गेले, तेथे एवढे खत आणायचे कोठून, या प्रश्नाला बगल देऊन केवळ जीवामृताची कृती शिकवणे ही शेतकऱ्याची फसगत होय, कारण पहिल्याच हंगामात उत्पादन घटले की तो युरियाकडे परततो आणि पुन्हा या वाटेला येत नाही. हिरवळीचे खत, कडधान्यांची फेरपालट, गांडूळखत आणि पेंड यांचा मेळ घालून ही तूट कशी भरून काढावी, हे कागदावर मांडून दाखवायला हवे.

दुसरा प्रश्न हा वर्ग कोणासाठी भरतो, असा आहे. चाकण पट्ट्यातील अनेक घरांत पुरुष कंपनीत पाळीवर जातो आणि खुरपणी, लागवड, फवारणीचा निर्णयसुद्धा घरातील स्त्रीकडे येतो; सातबारा मात्र तिच्या नावावर नसतो, आणि योजनांची नोंदणी सातबाऱ्यावरून होत असल्याने प्रशिक्षणाच्या यादीत नाव लागते ते शेतात नसलेल्याचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात प्रत्येक समूहासाठी दोन कृषी सखींची, म्हणजे गावातीलच प्रशिक्षित महिला मार्गदर्शकांची, तरतूद आहे, आणि या पट्ट्यासाठी ती कदाचित सर्वांत मोलाची तरतूद ठरेल, मात्र शेतीशाळेची वेळही स्वयंपाक आणि गोठ्याची कामे सांभाळून ठरवली गेली पाहिजे.

येथील प्रशिक्षणात एक विषय असा आहे, जो दूरच्या आदिवासी तालुक्यात कदाचित दुय्यम ठरेल, तो म्हणजे पाणी. शहरी सांडपाणी आणि औद्योगिक दूषित पाणी इंद्रायणीत मिसळत असल्याने आळंदीजवळ नदीवर वारंवार फेस दिसतो. या पाण्यावर भिजणाऱ्या वावरात रासायनिक खताचा कणही पडला नाही तरी तेथील माल निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. सहभाग हमी पद्धतीत, ज्यात गटातील शेतकरीच एकमेकांच्या शेताची तपासणी करून प्रमाणीकरण करतात, बाहेरून येणाऱ्या प्रदूषणापासून पिकाचे संरक्षण अपेक्षित असते. परंतु मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंचा समावेश नाही. त्यामुळे गटाची नोंदणी होण्यापूर्वीच नदीच्या आणि काठच्या विहिरींच्या पाण्याची स्वतंत्र चाचणी करून घ्यावी, तिचा खर्च गटावर न टाकता शासकीय निधीतून व्हावा, आणि पाणी कसोटीला उतरले नाही तर त्या शेताला गटात न घेण्याचा कटू निर्णय प्रशिक्षकाने सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगावा. रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे रूपांतराच्या दोन-तीन वर्षांत पिकलेला माल कोणी आणि कोणत्या भावाने घ्यायचा, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.